मंजिरी खुडावी की राखावी?

ज्या घरी तुळस आहे त्या घरी हा प्रश्न वर्षातून एकदा तरी उभा राहतो. मात्र तो इतका लहान वाटतो की, त्याला प्रश्न म्हणण्याचेही कोणाच्या मनात येत नाही. तुळशीला मंजिऱ्या आल्या म्हणजे त्या खुडाव्यात, की झाडावर तशाच राहू द्याव्यात? आजी खुडीत असे म्हणून आई खुडते, आई खुडते म्हणून मुलगी खुडते. आणि जेथे कोणी खुडीत नाही तेथेही ते न खुडणे असेच विचारावाचून चालते. गीतेच्या अभ्यासकाने एवढ्याशा गोष्टीत लक्ष का घालावे, असे कोणी विचारील. परंतु नवव्या अध्यायात श्रीभगवंतांनी भक्ताकडून मागितल्या त्या वस्तू चारच आहेत: पान, फूल, फळ आणि पाणी. या वस्तू ज्या झाडापासून आपण घेतो त्या झाडाशी आपले वर्तन कसे असावे, हा प्रश्न गीतेच्या वाचकास परका कसा म्हणता येईल?

आमच्या घरी हा प्रश्न गेल्या कार्तिकात वादाच्या रूपाने आला. बंगळुरूच्या आग्नेय भागात बेळ्ळंदूर येथे एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. अंगण नाही, वृंदावन नाही. सज्जात मातीच्या तीन कुंड्या आहेत आणि त्यांत तीन तुळशी आहेत. दिवाळीसाठी माझी वडील बहीण, आमची अक्का, निपाणीजवळच्या आमच्या गावाहून आली होती. सकाळी पाणी घालावयास गेली तो तिन्ही तुळशी मंजिऱ्यांनी भरलेल्या, काही मंजिऱ्या तर वाळून तपकिरी झालेल्या तिने पाहिल्या. "अरे, ही काय दशा केलीत तुळशीची!" असे म्हणून ती लगेच खुडू लागली. माझी तेरा वर्षांची मुलगी धावत आली. "आत्या, नको ना! रोज सकाळी त्यांच्यावर मधमाश्या येतात. त्यांचे जेवण तू तोडतेस." अक्का म्हणाली, "बाळ, मंजिरी राखली तर तुळसच जाईल. मग माश्यांना काय घालशील?" दोघीही थांबल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या. "तू शास्त्र शिकलास ना? मग सांग," अक्का म्हणाली. बारा वर्षे गुरुगृही राहून मी व्याकरण व न्याय शिकलो, पुढे भाषांतराचा व्यवसाय पत्करला. पण त्या क्षणी मला उत्तर देता आले नाही. त्या दिवसापासून जो विचार केला तो येथे मांडीत आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. तुळशीच्या मंजिरीवर फुले चक्राकार, एकावर एक अशा थरांनी लागतात, आणि प्रत्येक फुलातून चार बारीक बिया तयार होतात. बी धरू लागले म्हणजे झाडाचे पोषण तिकडे वळते. नवी पाने लहान येतात, देठ लाकडासारखे होतात आणि झाड म्हातारे दिसू लागते. उलट, शेंडा खुडला तर निराळेच घडते. शेंड्यात उत्पन्न होणारे एक द्रव्य खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही; शेंडा गेला की तो निरोध उठतो. तुळशीची पाने समोरासमोर असतात, म्हणून खुडलेल्या जागेखालच्या दोन्ही बगलांतून दोन फांद्या निघतात. एकाच्या जागी दोन, दोहोंच्या जागी चार, अशी तुळस दाट होते आणि अधिक काळ हिरवी राहते. संस्कृत कोशकारांनी 'ओषधि' शब्दाचा अर्थ, फळ पिकले की जिचा अंत होतो ती, असा दिला आहे. भाताचे असे होते, केळीचे असे होते. तुळस इतक्या तडकाफडकी मरत नाही. पण फळ आणि अंत यांचा काही संबंध तिच्या ठायीही आहे, हे अक्काला कोश न पाहता ठाऊक होते.

दुसऱ्या बाजूस मुलीचे म्हणणेही तितकेच खरे. तुळशीच्या फुलात मध असतो, आणि लहान मधमाश्या त्यासाठी येतात. जेथे जुन्या बागा तोडून इमारती उभ्या राहिल्या तेथे सज्जातील मूठभर फुलांनाही त्यांच्या लेखी मोल असते. आणि बी धरल्यावाचून नवी तुळस उगवावी कोठून?

हा पेच एकट्या तुळशीचा नाही. कांद्याला डेंगळा आला की गड्डा पोसत नाही, म्हणून शेतकरी डेंगळे मोडतो. परंतु बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याचे डेंगळे तोच शेतकरी डोळ्यांत तेल घालून राखतो. आमच्या निपाणीकडे विडीच्या तंबाखूला कळ्या दिसू लागल्या की शेंडा खुडतात, आणि पुढे बगलेतून येणारे फुटवेही काढतात; तसे केले म्हणजे पान जाड व कसदार होते. परदेशातही हीच गोष्ट आहे. भाषांतराच्या निमित्ताने बागकामावरील एक पुस्तक हाती आले होते, त्यात होस्टा नावाच्या झाडाचे वर्णन होते. हे झाड मूळचे जपान, चीन व कोरिया या देशांतील, सावलीत वाढणारे. युरोप-अमेरिकेत ते मुख्यतः पानांच्या शोभेसाठी लावतात. उन्हाळ्यात त्याच्या पानांमधून उंच दांडे निघतात आणि त्यांवर पांढरी अथवा जांभळट फुले येतात. काही बागवान ते दांडे कापतात, कारण पानांची शोभा बिघडते. काही ते राखतात, कारण फुलांवर माश्या येतात. म्हणजे तुळस असो, तंबाखू असो वा होस्टा असो, प्रश्न एकच: आपल्याला पान हवे आहे आणि झाडाला फळ हवे आहे. अशा वेळी आपल्या हाताचा अधिकार किती?

पहिला पक्ष असा की, मुळीच खुडू नये. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात वनस्पतींना आतून संज्ञा असते व सुखदुःखही असते, असे म्हटले आहे. महाभारताच्या शांतिपर्वात भृगु-भरद्वाज संवादात झाडांना स्पर्श, गंध, शब्द यांचा बोध होतो, हे युक्तिवादाने सांगितले आहे. ज्याला सुखदुःख आहे त्याचा प्रसव तोडणे ही हिंसा होय. हा पक्ष मनाला भावणारा आहे; पण तो शेवटपर्यंत नेला तर काय होते? त्याच महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला सांगतो की, नांगर धरणाराही जीव मारतो, आणि धान्याचा दाणाही जीवच आहे. या लोकी सर्वथा अहिंसक असा कोणी नाही. गीतेनेही अठराव्या अध्यायात स्पष्ट केले आहे की, देहधाऱ्याला कर्म निःशेष टाकणे शक्य नाही. शिवाय कुंडीतील तुळस ही अरण्यातील तुळस नव्हे. ओंजळभर मातीत तिला आपण कोंडले, तिचे पाणी आपण ठरविले. ज्याने हात घातलेलाच आहे त्याने, मी हात लावणार नाही, असे म्हणण्यात अहिंसा थोडी आणि आळस फार असण्याचा संभव आहे. आमच्या तुळशीची ती दशा, खरे सांगावयाचे तर, माझ्या आळसानेच झाली होती. मुलीच्या मधमाश्या मला नंतर आयत्या सापडल्या.

दुसरा पक्ष असा की, खुडावी. इतकेच नव्हे, तर खुडण्यात एक थोर उपदेश आहे. तुळस फळाचा त्याग करते म्हणून चिरकाल हिरवी राहते. तसे मनुष्याने कर्मफळाचा त्याग करावा म्हणजे त्याचे जीवनही हिरवे राहील. हा दृष्टान्त ऐकावयास गोड आहे. वाचकांपाशी कबूल केले पाहिजे की, काही वर्षांपूर्वी एका प्रवचनात मी स्वतःच तो दिला होता, आणि श्रोत्यांनी माना डोलावल्या होत्या. आज मला तो दृष्टान्त सदोष वाटतो, आणि या लेखाचे खरे प्रयोजन तो दोष दाखविणे हेच आहे.

दोष असा. तुळस फळाचा त्याग करीत नाही. तिचे फळ आपण काढून घेतो. त्यागाचा कर्ता आणि फळाचा धनी हे एकच असावे लागतात. ते दोन झाले की त्या क्रियेचे नाव त्याग राहत नाही, हरण होते. दुसऱ्या अध्यायात फळावर अधिकार नाही असे जे भगवंत सांगतात ते अर्जुनाला, त्याच्या स्वतःच्या कर्माविषयी सांगतात. अर्जुनाने दुसऱ्याचे फळ तोडून त्याला निष्काम करावे, असे त्यात कोठेही नाही. अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार केले आहेत: मोहाने केलेला, कष्टाच्या भीतीने केलेला, आणि कर्तव्य म्हणून आसक्ती व फळ सोडून केलेला. तिन्ही ठिकाणी टाकणारा आपलेच टाकतो. आपल्या सोयीसाठी दुसऱ्याकडून टाकविले, तर त्याला बसावयास या तिघांतही जागा नाही. तरीही हा घोटाळा आपण नित्य करतो. ज्याच्यापासून घ्यावयाचे त्याच्या गळ्यात त्यागाची माळ घालतो, म्हणजे घेणाऱ्याच्या मनाला टोचणी लागत नाही.

हे लिहिताना मला अक्काची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून माझा विचार पुरा होत नाही.

मी सात-आठ वर्षांचा असताना वडील पहाटे मला अमरकोश शिकवीत. अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती शेजारच्या खोलीत चूल पेटवी, पाणी भरी, दळण निवडी. मला ओळ अडली की भिंतीपलीकडून पुढचा शब्द येई. वर्ष संपले तेव्हा मला पहिले कांड जेमतेम येत होते आणि तिला ते एकदाही पोथी हाती न घेता सबंध येत होते. आमच्या घरी आलेल्या एका शास्त्र्यांनी वडिलांना सांगितले, "या मुलीला शिकवा, अशी धारणा पाहिली नाही." पण आई आजारी असे, घरात दुसरी बाई नव्हती. मला पाठशाळेत पाठविले आणि अक्काला घरी ठेवले. पुढे दहावीनंतर तिची शाळाही थांबली. आईची सेवा तिने केली, धाकट्यांचे तिने केले, माझी धोतरे धुवून पिशवीत भरून तिने दिली. सगळे म्हणत, "काय त्याग आहे मुलीचा!" मीही म्हणत असे. घर हिरवे राहिले ते तिच्यामुळे. परंतु तो त्याग तिचा होता का? तिला कोणी विचारले होते का? तिच्या प्रत्येक अंकुराला कळी धरताच आम्ही ती खुडली, आणि तिच्या नव्या फांद्यांची पाने आम्हीच घेतली. सुट्टीत घरी आल्यावर मी तिला रूपे चालवून दाखवावयास सांगू शकलो असतो. ते मी कधी सांगितले नाही.

मग शास्त्राचा निर्णय काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे निर्णय असा: मंजिरी खुडावी, पण ते घेणे आहे हे जाणून खुडावी, आणि सगळी कधीही खुडू नये. याला तीन कसोट्या आहेत.

पहिली कसोटी हेतूची. झाडाच्या जीवनासाठी खुडतो की केवळ आपल्या लाभासाठी? तुळस खुडली तर ती दाट होते व अधिक जगते. तिचेही काही हित त्यात आहे. तंबाखूचा शेंडा खुडण्यात तंबाखूचे काही हित नाही, आणि पान ओढणाऱ्याचेही नाही. होस्टाचा दांडा कापणाऱ्यास पानांचा नीटनेटकेपणा मिळतो, एवढेच. क्रिया एकच असून तिचे मोल असे भिन्न होते. मात्र हित हा शब्द सावधपणे वापरावा. माझ्या वडिलांनीही अक्काचे हितच पाहिले होते, असे ते अखेरपर्यंत मानीत.

दुसरी कसोटी विनियोगाची. खुडलेले कोठे जाते? तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे की, देवांनी दिलेले त्यांना न देता जो भोगतो तो चोर, आणि यज्ञ करून उरलेले खातो तो दोषमुक्त. विष्णुपूजेत तुळशीची मंजिरी विशेष प्रिय मानली आहे. पंढरीच्या विठ्ठलाच्या गळ्यातील तुळशीहारातही मंजिऱ्या असतात. म्हणजे आपल्या वाडवडिलांनी मंजिरी खुडली ती कचऱ्यात टाकण्यासाठी नव्हे. घेतलेले देवापुढे ठेवण्यात, हे माझे नव्हते, अशी कबुली आहे. शास्त्राने तोडण्याला वेळेचे बंधनही घातले: द्वादशीस तुळस तोडू नये, सूर्यास्तानंतर तोडू नये. आणि तुळशीचे पान शिळे मानू नये असे सांगून त्या दिवसाची सोयही लावून दिली. ज्या हाताला कोठे थांबावे हे कळते त्याच हाताने खुडावे, हा या निर्बंधांचा आशय मला दिसतो.

तिसरी कसोटी शेषाची. झाडावर काय उरले? सातव्या अध्यायात भगवंत स्वतःस सर्व भूतांचे सनातन बीज म्हणतात. पान, फूल, फळ, पाणी ही मागितलेली वस्तू आहे. बीज हे त्यांचे स्वतःचे रूप आहे. जो अखेरची मंजिरीही खुडतो तो देवाला पान वाहतो आणि देवाच्या रूपाला मार्ग बंद करतो. तिसऱ्याच अध्यायात प्रवर्तित चक्राचे वर्णन आहे. ते जो पुढे चालवीत नाही त्याचे जिणे व्यर्थ म्हटले आहे. कांद्याचा शेतकरी हे चक्र न शिकता जाणतो: एका वाफ्यातील डेंगळे मोडतो, दुसऱ्या वाफ्यातील राखतो. मधमाशीचा वाटा आणि उद्याच्या रोपाचा वाटा हे याच शेषात येतात.

शेष न राखता घेत गेले म्हणजे काय होते, हे पाहण्यास आम्हाला दूर जावे लागत नाही. घरापासून थोड्या अंतरावर बेळ्ळंदूरचे तळे आहे, सुमारे नऊशे एकरांचे, बंगळुरूतील सर्वांत मोठे. एके काळी त्याच्या पाण्यावर भोवतालची शेती होत असे, त्यात मासेमारी चाले. वाढत्या नगराने आपले सांडपाणी शुद्ध न करताच त्यात सोडले. त्यावर पोसून जलपर्णी माजली. २०१५ साली तळ्याचा फेस उडून रस्त्यावर आला. त्याच वर्षी, पुढे २०१७ साली आणि पुन्हा जानेवारी २०१८ मध्ये त्या तळ्याला आग लागली. पाण्याला आग लागावी, हे कोणत्या पुराणातले वर्णन नव्हे. जलपर्णीची जांभळी फुले सुंदर असतात. पण ती वाढू द्यावी असे कोणी म्हणणार नाही. यावरून दोन्ही गोष्टी कळतात. हात न लावणे हाच काही धर्म नव्हे. आणि घेत राहून काही न परतविणे हा तर उघड अधर्म होय.

आता घरच्या वादाचा शेवट सांगतो. मी हा निर्णय अक्काला व मुलीला सांगितला तेव्हा तुळशीविषयी दोघींचे लगेच जमले. प्रत्येक तुळशीवर दोन-दोन मंजिऱ्या राखावयाच्या, बाकीच्या कोवळ्या असतानाच खुडून देवाला वाहावयाच्या, असे ठरले. राखलेल्या मंजिऱ्या सुकल्यावर मुलीने त्या तळहातावर चोळून बी काढले. शेजारच्या कन्नड आजींच्या घरी उत्थान द्वादशीला तुळशीजवळ आवळ्याची फांदी लावून पूजा होते. त्यांच्या कुंडीत या वर्षी आमच्याच बियांची रोपे आहेत.

अक्काविषयी मात्र माझा निर्णय इतक्या सोपेपणाने लागू पडला नाही. दृष्टान्तातील दोष मी तिला समजावून सांगितला आणि तुझ्या बाबतीत आमच्याकडून हेच झाले, असे म्हणालो. ती मंजिऱ्यांची परडी मांडीवर घेऊन बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "ही खुडलेली तरी देवापुढे जाते." पुढे काही बोलली नाही. त्या वाक्यात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

जे खुडले गेले ते पुन्हा त्या जागी येत नाही, हे वनस्पतिशास्त्रही सांगते आणि जीवनही. बगलेतून नवी फांदी येते. पण ती केव्हा यावी हे खुडणाऱ्याने ठरवावयाचे नसते, आणि ती आली म्हणून मागचे फिटले असेही समजावयाचे नसते. दुसऱ्या दिवशी मी भाषांतराची हस्तलिखिते अक्कापुढे ठेवली व ती पाहतेस का, असे विचारले. या वेळी विचारले. तिने चष्मा मागितला. तिसऱ्याच पानावर एका शब्दाचा मी दिलेला अर्थ चुकीचा असल्याचे तिने दाखविले आणि कोशातली ती जागा सांगितली. मी पोथी काढून पाहिले. तिचे बरोबर होते.

वाचकहो, आपल्या घरच्या तुळशीकडे एकदा या दृष्टीने पाहावे. खुडताना आपण घेत आहोत, ती देत नाही, एवढे ध्यानी धरावे आणि एक तरी मंजिरी पिकू द्यावी. मग घरातही पाहावे. ज्याच्या त्यागाची आपण फार स्तुती करतो, त्याला तो त्याग करावयाचा होता का, हे तो हयात आहे तोवर विचारून घ्यावे.